खिळ्याची उंची

मल्हारीनं कुऱ्हाडीची पाठ कडुलिंबाच्या बुंध्यावर तीनदा ठोकली, कान लावून ऐकलं आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला: यात लोखंड आहे का? कवठे येमाईपासून वरवंडपर्यंत त्यानं शेकड्यानं झाडं पाडली होती, पण हे विचारल्याशिवाय करवतीच्या मशीनची दोरी कधी ओढली नव्हती. घराजवळच्या झाडात काहीही निघतं. तार, कडी, घोड्याची नाल. करवतीची साखळी एकदा त्याला लागली की दात गेलेच म्हणायचे.

झाडाचा मालक ईश्वर म्हणाला, एक मोठा खिळा आहे, आईनं ठोकलेला. तो तान्हा असताना त्याच्या झोळीची एक दोरी त्या खिळ्याला आणि दुसरी छपराच्या मेढीला बांधलेली असायची. पण त्याला पन्नास वर्षं झाली. खिळा झाडानं केव्हाच गिळला होता, आणि झाड वाढलं तसा तोही वर गेला असणार. आता असेल कुठंतरी शेंड्याकडं, काळजी नको.

मल्हारी मनापासून हसला.

"झाड शेंड्याला वाढतं, ईश्वर. बुंधा फकस्त जाड व्हतो. खिळा जिथं ठोकला तिथंच ऱ्हातो."

ईश्वरचं नवं घर याच जागेवर उभं राहणार होतं, म्हणून रीतसर परवानगी काढून लिंब पाडायचा ठरला होता. त्याच्या आईनं, सोजरबाईनं, एकच हट्ट धरला होता. घराच्या मोठ्या दाराची चौकट याच झाडाची हवी. ईश्वरच्या मनात ग्रॅनाइट होतं. बरीच धुसफूस झाल्यावर तोड निघाली: बुंध्यातून सात फूट निर्मळ लाकूड निघालं तर चौकट आईच्या मनासारखी, नाहीतर ग्रॅनाइट. खिळ्याचं लाकूड सॉ मिलवाले हातातही धरत नाहीत. त्यामुळं खिळा नेमका कुठं, यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

मल्हारीनं सोजरबाईला बोलावून घेतलं आणि ठोकताना हात कुठवर गेला होता ते दाखवायला सांगितलं. तिनं काठी ईश्वरकडं दिली, बुंध्याला लागून उभी राहिली आणि मूठ वर नेली, हातात हातोडा असल्यासारखी. मल्हारीनं तिथं खडूनं फुली मारली. जमिनीपासून साडेचार फूट. फुलीपासून फांद्या फुटतात तिथवर टेप धरला, तर आठ फूट भरलं. फुलीच्या एक फूट वर कापलं तरी सात फूट राहत होतं.

"चौकट झाली समजा, मावशी," तो म्हणाला.

पडायच्या बाजूला त्यानं खाच घेतली, मग मागून कापत आला. मधे चार बोटं लाकूड बिजागरीसारखं ठेवलं, पाचर ठोकली आणि तिरका मागं सरकला. लिंब त्यानं बोट दाखवलं होतं त्याच जागी, उसाच्या पाचटावर, जाऊन पडला. सोजरबाईला वाईट वाटलं आणि तिनं ते लपवलंही नाही. सुनेनं, सारिकानं, तिला पाणी आणून दिलं.

मग मल्हारीनं फुलीच्या एक फूट वर करवत टेकवली. निम्म्यापर्यंत ती लोण्यातून जावी तशी गेली, आणि एकदम ठिणग्या उडाल्या.

त्यानं मशीन बंद केलं, साखळी बदलली, अर्धा फूट सरकून पुन्हा कापलं. लोखंड चुकलं, पण लाकडात तळहाताएवढा काळा डाग होता. खिळ्याचा गंज रेषेरेषेनं वर चढला होता. आणखी एक फूट गेल्यावर लालसर, निर्मळ लाकूड लागलं. उरलं साडेपाच फूट.

मल्हारीचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत असा फसला नव्हता तो.

"मावशी, तुमी हात तर साडेचारला लावला हुता."

"तवा मी ताठ हुते रं."

सकाळपासून डोळ्यांसमोर असलेल्या तिच्या वाकलेल्या पाठीकडं तो आता बघत राहिला. झाड खिळा वर नेत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस खाली येतं, हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं.

ईश्वरनं टेप गुंडाळला. ठरलं होतं तसं, म्हणाला, दाराला ग्रॅनाइट. आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, उलट तो जरा ओशाळलाच होता. सोजरबाईनं मान डोलावली. मग ओंडक्याजवळ जाऊन उभी राहिली आणि मल्हारीला म्हणाली, माझी उंची घे. त्यानं टेप मागून घेऊन जमिनीपासून तिच्या डोक्यापर्यंत धरला. सव्वाचार फूट.

"माझ्या खोलीला लावा ही चौकट. मला उरून पुरंल."

"आन् आमी आत कसं यायचं, आई?" ईश्वरनं विचारलं.

"वाकून या."

ईश्वर काही बोलायच्या आत मल्हारीनं खिशातला खडू काढला आणि ओंडक्यावर पहिली रेघ ओढली.