मला स्वच्छ करायला कुणी सांगितलं होतं?

मी एक जुनी गिटार आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या पोटात चिकटवलेला कारखान्याचा कागद झुरळांनी केव्हाच खाऊन टाकला. मला पाहिलं की लोक "अहाहा, काय जुनी वस्तू!" म्हणतात आणि लगेच बोटाने टकटक करून बघतात. मित्रांनो, तुमच्या आजोबांना कुणी असं टकटक करून बघितलं तर तुम्हाला चालेल का? गिटारने बोलायचं नसतं, फक्त वाजायचं असतं, असा सगळ्यांचा समज आहे. पण आता फार झालं. आज मी बोलणार आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. उंची लाकूड, कोरीव काम असलं काही माझ्या नशिबी नव्हतं. प्लायवूडच्या फळ्या, वर लाल रंग, आणि तो रंग नीट वाळायच्या आत खोक्यात. यादीतलं चित्र बघून लोकांनी टपालाने मागवायची, असल्या गिटारींपैकी मी एक. मिसिसिपीच्या उत्तरेला टेकड्यांमध्ये इझेल प्रुइट नावाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस राहायचा. त्याने मला मागवलं. त्याआधी तो घराच्या भिंतीला दोन खिळे ठोकून, झाडूला गुंडाळलेली तार सोडवून त्यांच्यामध्ये ताणायचा आणि तेवढ्यावरच वाजवायचा. म्हणजे माझ्याआधी त्या घरात भिंत वाजत होती. तिची जागा मला मिळाली, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

इझेलचं वाजवणं काही वेगळंच. माझ्या सहापैकी पाचच तारा त्याला पुरायच्या. अर्धा अर्धा तास एकाच सुराभोवती दळण दळत बसायचा, खाली पायाने ठेका, वर त्याचा आवाज. रविवारी दुपारी चर्च सुटलं की घरामागच्या शेडमध्ये माणसं जमायची. इझेलची बायको व्हर्लीन मासे तळायची, निखाऱ्यावर बकरं भाजलं जायचं, आणि मग नाच. इतके पाय फळ्यांवर आपटायचे की माझा आवाज तिसऱ्या माणसापलीकडे जायचा नाही. मी घसा फोडून वाजायचे, पण ऐकतंय कोण?

मग एकदा मी ट्रकच्या मागच्या बाजूने खाली पडले. माझ्या तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी सैल झाली. इझेलने काय करावं? तपकिरीच्या रिकाम्या डबीचं झाकण कापलं आणि तो पत्र्याचा तुकडा पट्टीखाली खुपसला. त्या दिवसापासून मी खडखडायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण त्या रविवारी शेडच्या शेवटच्या कोपऱ्यातली माणसंसुद्धा उठून नाचली. इझेल म्हणाला, स्वच्छ आवाज पुढच्या चार माणसांत बसून राहतो. मागे पोचायचा तर त्याच्या अंगाला थोडी माती लागते. तेव्हापासून तो पत्रा माझाच झाला.

सगळ्यांपर्यंत तो आवाज पोचायचा, फक्त एक माणूस सोडून. ती म्हणजे इझेलची मुलगी लॉरेटा. सोळाव्या वर्षी ती चर्चच्या गायनवृंदात गेली आणि घरी येऊन म्हणाली की डॅडी जे वाजवतात ते सैतानाचं गाणं आहे. पुढे लग्न होऊन मेम्फिसला गेली. दर महिन्याला आईवडिलांना भेटायला यायची, येताना डबा भरून आणायची, इझेलची औषधं तपासायची. आणि शेडमध्ये पहिली तार वाजायच्या आत गाडीत बसून निघून जायची. अशी तीस वर्षं गेली. इझेल तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. पण गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत त्याचा हात माझ्या तारांवर नुसताच पडून राहायचा. तिने एकदा, फक्त एकदा, बसून ऐकावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. नावलौकिकाची त्याला काडीचीही पर्वा नव्हती.

शेवटी शेवटी मोठे स्पीकर आले, टेप आल्या, आणि माझी रवानगी फ्रीजरच्या वरच्या खिळ्यावर झाली. व्हर्लीन माझ्या खुंट्यांवर ओली फडकी वाळत घालायची. कौतुकाचे दिवस संपले की कलाकाराचं काय होतं, ते मी तिथे टांगल्या टांगल्या शिकले.

एका रविवारी शेडमधला स्पीकर बिघडला म्हणून इझेलने मला खाली काढलं. नेमकी त्याच दुपारी रस्त्यावर एकाची गाडी तापली आणि तो पाणी मागायला आला. त्याचं नाव डेल व्हिटकॉम्ब. मेम्फिसचा, टाय लावलेला, जुन्या गाण्यांवर मासिकात लिहिणारा गोरा गृहस्थ. नळाखाली डबा धरून तो ऐकत राहिला. डबा भरला, पाणी बुटांवर सांडलं, तरी ह्याला पत्ता नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. हजारो रेकॉर्ड ऐकल्या पण असं कुठेच ऐकलं नाही, असं म्हणत तो कोपऱ्यात डोळे पुसायचा. मनाचा चांगला होता बिचारा. इथेच तर सगळी पंचाईत आहे, मित्रांनो. माणूस वाईट असता तर मला निदान मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

त्याने मासिकात लिहिलं की इझेल प्रुइट यांचं वादन कच्चं, रांगडं, अस्सल आहे. व्हर्लीनने तो मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला.

"कच्चं?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझ्या घरात शिजतंय हे."

डेलने मेम्फिसच्या एका सभागृहात शनिवारी दुपारी कार्यक्रम ठरवला. लॉरेटाला कळलं तेव्हा तिने बराच विचार केला आणि आईला फोनवर सांगितलं की सभागृह सभ्य आहे, तिथे दारू नसते, तेव्हा मी येईन. इझेलने त्या दिवसापासून आपला पांढरा शर्ट तीन वेळा इस्त्री केला. व्हर्लीन म्हणाली, "मिस्टर प्रुइट, आता तो फाटेल." ती त्याला आडनावाने हाक मारायची ती एकतर रागात, नाहीतर फार माया आली की.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी डेल आला आणि म्हणाला, "मिस्टर इझेल, गिटार माझ्याबरोबर द्या. मी तिची नीट काळजी घेतो."

आता इझेलने विचारायला हवं होतं ना, की काळजी म्हणजे काय? पण त्या टेकड्यांमधल्या, त्याच्या वयाच्या काळ्या माणसाला टाय लावलेल्या गोऱ्या माणसाला "कशाला?" असं विचारायची सवयच नव्हती. तसं विचारणं एके काळी महागात पडायचं. काळ बदलला, पण जीभ बदलली नाही. तो म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." आणि डेलला वाटलं, परवानगी मिळाली.

पुढचे दोन दिवस माझे जे हाल झाले ते कुणाच्या वाट्याला न येवोत! एका निष्णात कारागिराने मला उलटंपालटं केलं. चाळीस वर्षांचा हाताचा घाम पुसून काढला. नव्या सहा तारा बसवल्या. पट्टी पक्की चिकटवली. आणि तो पत्र्याचा तुकडा चिमटीत धरून "हे काय घुसलंय?" म्हणत कचऱ्यात टाकला. मी ओरडत होते हो, पण गिटारीचं ऐकतं कोण? मग मला मखमली पेटीत घातलं. डेल तर हरखूनच गेला. इझेलला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून त्याने मला रंगमंचावर जायच्या पाच मिनिटं आधी त्याच्या हातात दिलं.

इझेल खुर्चीवर बसला. समोर दोनशे माणसं. पहिल्या रांगेत व्हर्लीन आणि तिच्या शेजारी लॉरेटा, मांडीवर पर्स घट्ट धरून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी. इझेलने पहिला फटका मारला आणि माझ्यातून एक गोड, नीटनेटका, शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलीसारखा आवाज आला. त्याचा हात थांबला. त्याने वाकून माझ्या पट्टीखाली पाहिलं. पत्रा नव्हता. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. गाणं काही केल्या उभं राहीना, आणि लोक? लोकांनी टाळ्या वाजवल्या! काय चाललंय ते न कळता दोनशे माणसं कौतुकाने टाळ्या वाजवत होती. मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं. लॉरेटा मात्र टाळ्या वाजवत नव्हती. हेच का ते, ज्याच्यापायी मी तीस वर्षं उठून जात राहिले, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. इझेलनेही ते पाहिलं.

मग त्याने मला उचललं आणि मांडीवर पालथं घातलं. हो, पालथं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, आणि मला दिसत होती ती त्याची विजार! तो माझ्या पाठीवर तळव्याने ठेका धरू लागला, पायाने फळी दणाणवू लागला, आणि लॉरेटा लहान असताना शेडमध्ये गायचा ते गाणं गायला लागला.

"टेकडी चढून कोण येतंय?" त्याने विचारलं, आणि थांबला.

त्या भागात चर्चमध्येही असंच असतं, मित्रांनो. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. सभागृहातल्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. ते शांत बसले. इझेलने पुन्हा तीच ओळ टाकली, या वेळी जरा हळू. आणि पहिल्या रांगेतून उत्तर आलं.

"मी येतेय."

लॉरेटाच्या तोंडातून ते तिच्या आधीच निघून गेलं असावं, कारण शेवटचं अक्षर तोंडावर ठेवलेल्या हाताखाली दबून आलं. मी पालथी होते, पण माझ्या पाठीवरचा इझेलचा ठेका एकदम जोरात झाला, ते मला कळलं. त्याने पुढची ओळ टाकली. तिने उत्तर दिलं. मग पर्स खाली पडल्याचा आवाज आला, आणि चर्चमध्ये वाजवतात तशी ठेक्याच्या मधोमध पडणारी तिची टाळी सुरू झाली. किती वेळ गेला कोण जाणे. व्हर्लीन रडत होती, तेही मला ऐकू येत होतं.

संपल्यावर डेल पडद्यामागे धावत आला. अप्रतिम झालं म्हणाला, पण गिटार का नाही वाजवली? व्हर्लीनने त्याला पत्र्याची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो तिथल्या खोक्यावर मटकन बसला. इझेल त्याची समजूत घालत होता, जाऊ द्या म्हणत होता. तो तेवढंच म्हणणार, हे मला माहीत होतं.

लॉरेटा पुढे झाली. वडिलांच्या शर्टाची कॉलर नीट करत ती डेलला म्हणाली, "तुम्ही हिला दोन दिवसांत स्वच्छ केलंत, साहेब. मी डॅडींना तीस वर्षं स्वच्छ करायला बघत होते. देवाची कृपा, मला जमलं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, ओली फडकी त्यांच्यावर वाळत घालू नका. जुन्या माणसांनाही हेच लागू आहे. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी त्यांना एकदा विचारा, आणि विचारून झालं की उत्तर येईपर्यंत थांबा. काहींना "नाही" म्हणायला वेळ लागतो.