कडूबाईच्या दारातला परका

“लई दूरचा दिसतो बाई ह्यो. ऱ्हाऊ द्या, घरातलाच हुईल.”

मित्रांनो, कडूबाईचा हा आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मी एक जुना निळा ड्रम आहे. समुद्रापलीकडून खायचं तेल घेऊन आलो, रिकामा झालो आणि परळीच्या बाजारात पडलो. तिथून कडूबाईनं मला आपल्या गावी, चकलांब्याला, आणलं. माझ्या अंगावरची अक्षरं तिथं कुणालाच वाचता येईनात. तरी तिनं मला राखेनं घासलं, कुंकवाचं बोट लावलं. उन्हाळाभर टँकरची वाट पाहायची आणि दिवाळी सरली की ट्रॉलीतून साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर जायचं, हेच माझं आयुष्य.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. कडूबाई विधवा, म्हणून ती लेकाबरोबर, बिभीषणबरोबर, तोडीला जायची. एका दुष्काळात तिचा हात मोडला आणि बिभीषणनं आपल्या दोस्ताला, धुळाजीला, जोडीला घेतलं. मजुरांची टोळी नेणारा मुकादम बबनराव कुरकुरला, पण तयार झाला. उसाच्या वाळल्या पाचटाच्या एका कोपीत, झोपडीत, दोघं राहिले. टोळीतल्या बाया चेष्टेनं विचारायच्या, “ह्यात बायकू कोण रं?”

धुळाजी म्हणायचा, “भाकर करपली का ह्यो, फुगली का मी.”

सगळे हसायचे. पहाटे दोघं एकमेकांच्या पाठीवर माझ्यातलं पाणी ओतायचे. तेवढं गोड रितं होणं मला पुन्हा कधी लाभलं नाही.

हंगाम संपला, तरी दोघं गावातच वेगळं घर करून एकत्र राहू लागले. तेव्हा मात्र गावाचं हसू मावळलं. टँकरच्या रांगेत बाया कडूबाईपासून दोन हात लांब उभ्या राहू लागल्या. पुढं बिभीषण नर्सिंग शिकला, परदेशात नोकरीला लागला. धुळाजीही त्याच्याबरोबर गेला. तिथल्या कायद्यानं त्यांचं लग्न लागलं. मी परमुलखातला, मला इथं जागा मिळाली. बिभीषण याच मातीतला, त्याला मिळाली नाही.

आता माझ्या तळाला चीर गेली आहे. कडूबाई मला पालथा घालून माझ्यावर बसते. बिभीषणचा फोन येतो. येऊ का, विचारतो. टँकर आला, असं खोटंच सांगून ती फोन ठेवते. मित्रांनो, चीर बारीक असते तेव्हाच तिला हात लावा. नंतर ओतलेलं काहीच टिकत नाही.

परवा बबनराव येऊन बसला. पोरगं साता समुद्रापार गेलं अन् आईला टाकलं, असं म्हणाला. कडूबाई माझ्यावरून उठली.

“त्यानं न्हाई टाकलं, मुकादम,” ती म्हणाली. “निघायच्या दिशी दोघं पाया पडाया आलते. मीच आतून कडी लावून घेतली.”