तेविसावी पायरी

वरचा रस्ता आणि खालचा बाजार यांच्यामध्ये जी गल्ली होती, ती म्हणजे नुसत्या पायऱ्याच. एक्केचाळीस. टेलरबाईचा नवरा घरोघर विजेचे मीटर वाचायला जायचा. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तो त्या पायऱ्या उतरताना मध्यावरच पडला, डोक्याला मार लागला आणि दोन दिवसांत गेला.

टेलरबाईचं काम मात्र थांबलं नाही. शाळेचे गणवेश शिवायचे, काजं करायची, गठ्ठा काखोटीला मारून त्याच पायऱ्या उतरायच्या. लोक म्हणायचे, बाई खमकी आहे. खमकी कसली! तिला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळ्या अंगभर झालं होतं. घरात ती आणि सासूबाई. एकमेकींना वाढायच्या, ताटं घासायच्या, निजायच्या. मधूनच सासूबाई भिंतीकडे बघून म्हणत, "लहानपणापासून धांदरटच होता तो." टेलरबाई पुढचं काज करायला घ्यायची. त्या सकाळी "आटपा लवकर, उशीर होतोय" असं तिनंच त्याला दोनदा म्हटलं होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

गल्लीत एक निवृत्त मास्तर राहायचे. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "होईल." म्हणून सगळे त्यांना होईलमास्तरच म्हणत. त्यांनी पायऱ्यांसाठी कचेरीत तीन अर्ज दिले होते. पण पायऱ्या कुणाच्या हद्दीत येतात हेच तिथे ठरेना. शेवटी मास्तरांनी दारोदार फिरून रविवारी सगळ्यांना गोळा केलं. गल्लीतलाच गवंडी तयार झाला. फुटक्या कडा लिंपायच्या, एका बाजूनं लोखंडी कठडा लावायचा, एवढंच काम.

मास्तर टेलरबाईच्या दारातही आले. "तुम्ही नुसत्या येऊन उभ्या राहिलात तरी चालेल," ते म्हणाले.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. "जा," सासूबाई म्हणाल्या. "इथं बसून तरी काय करणार आहेस?"

ती गेली. दहाबारा माणसं घमेली घेऊन ओळीनं उभी होती. गवंड्याचे हात सिमेंटनं भरलेले. "बाई, तेवढी पायऱ्यांची उंची मोजून सांगता का? कठड्याला लागेल," तो म्हणाला. टेलरबाईनं गळ्यातली टेप काढली आणि वरून सुरुवात केली. सात इंच. सात. पावणेसात. सात. मास्तर वहीत लिहीत होते. तेविसाव्या पायरीला ती थांबली, टेप पुन्हा लावली.

"सव्वानऊ," ती म्हणाली.

"नीट बघा."

"तीस वर्षं मापंच घेतेय, मास्तर."

गवंडी येऊन बघून गेला. "नळाची पाइप टाकताना उचकटली असणार," तो म्हणाला. "बसवताना चुकली. पाय सात इंचांच्या हिशेबानं खाली येतो आणि जमीन दोन इंच खाली असते. घसरत नाही माणूस. झोकांडीच जाते."

दूधवाला म्हणाला, "मी इथंच आपटलो होतो. कॅन घेऊन. वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं."

"माझी आईही इथंच," गल्लीतली नर्स म्हणाली. "मी तिलाच रागावले होते, चष्मा घातला नाही म्हणून."

असे पडलेले आणखी दोघं निघाले. प्रत्येकजण आपापला दोष पदरात घेऊन गप्प बसला होता. मग सगळे टेलरबाईकडे बघायला लागले आणि लगेच दुसरीकडे. तिला वाटलं, आता छातीवरचं काहीतरी उतरेल. तिनं थोडी वाट पाहिली. काही उतरलं नाही. तिनं टेप गुंडाळली.

गवंडी डोकं खाजवत होता. "हा फरक खालच्या आठ पायऱ्यांत वाटून घालावा लागेल. म्हणजे फोडाफोड आली. एका रविवारचं काम नाही हे."

"कठडा लावा नि मोकळे व्हा," मागून कुणीतरी म्हणालं. "धरून उतरतील लोक."

"दोन्ही हातांत सामान असतं," टेलरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही फोडा. मापं मी देते."

मास्तरांना काही म्हणायची वेळच आली नाही. दूधवाल्यानं पहार उचलली होती.

तीन रविवार गेले. येण्याजाण्यासाठी कडेला फळ्या टाकल्या. टेलरबाई कापडावरच्या खडूनं प्रत्येक उंचीची रेघ मारायची आणि गवंडी त्या रेघेवर भरायचा. एका दुपारी कचेरीतला एक साहेब येऊन "परवानगी कुठाय?" असं विचारून गेला. मास्तर त्याला काय म्हणाले ते सांगायला नकोच.

पहिल्याच रविवारी घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं होतं. "पायरी उंच होती. सव्वादोन इंच जास्त. त्यांचा धांदरटपणा नव्हता." मग जरा थांबून म्हणाली, "मी घाई केली होती त्यांना. दोनदा."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "कामाला जाणाऱ्या माणसाला घाई करायचीच असते," त्या म्हणाल्या. आणि निवडत राहिल्या.

काम संपलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "मला दाखव." चार महिन्यांत त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. टेलरबाईनं त्यांचं कोपर धरलं. मोजत मोजत दोघी तेविसाव्या पायरीपर्यंत उतरल्या. सासूबाई तिथे बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. बराच वेळ रडल्या. येणारेजाणारे कडेनं हळू जात होते.

टेलरबाई शेजारी बसली. तिला रडू आलं नाही. सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा लुगड्याखालचे मणके हाताला लागले. किती वाळल्या आहेत या, तिच्या मनात आलं. गेल्या चार महिन्यांत तिच्या कुणाबद्दल काही लक्षात आलं असेल तर ते हेच.

"उठा," ती म्हणाली. "खाली जाऊन काहीतरी खाऊ."