निळाईचे चार दिवस

बजाबाईंनी गॅस बंद केला, सांडशीनं कढई उचलली आणि तडतडणारी लसूण-मोहरीची फोडणी तशीच मोरीत पालथी घातली. चर्र झालं. धूर नाकातोंडात गेला, तरी त्यांचं तोंड काही थांबलं नाही.

"डोकं ठिकाणावर हाय का तुजं? वर माळ्यावर नळीवर निळाई चढतीया, आन तू हितं लसूण जाळतीस? बारा वर्सं झाली तुला ह्या घरात येऊन. घरची रीत कळंना, का कळून करतीस?"

सुनेनं, महेश्वरीनं, पदराला हात पुसले. एरवी ती एवढ्यात 'चुकलं, आत्या' म्हणून मोकळी झाली असती. आज ती मोरीतल्या तेलाकडं बघत उभी राहिली.

"विसरले नाही, आत्या," ती म्हणाली.

बजाबाईंना त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही, म्हणून त्या आणखी चिडल्या.

रीत त्यांच्या नवऱ्याची. महिपती बंदुका दुरुस्त करायचे, परवाना भिंतीवर फ्रेममध्ये. पण नाव झालं ते निळाईचं, म्हणजे बंदुकीच्या नळीवर गंज न धरू देणारा निळा-काळा रंग चढवण्याचं. स्वच्छ नळीला औषध पुसायचं, ओल्या गोणपाटाच्या पेटीत ठेवायची. तांबडा गंज धरला की पाण्यात उकळायची. तांबडं जाऊन काळं होई. मग तारेच्या बारीक ब्रशनं वरची भुकटी झाडायची, की पुन्हा औषध. असे आठ हात, चार दिवस. शेवटी पिकल्या जांभळाच्या सालीसारखा रंग येई. औषध महिपतींचं आणि ब्रश बजाबाईंचा. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचा हात नळीवर असा फिरे, की नेमबाजीच्या क्लबातले साहेब लोक दुकानात उभं राहून बघत.

पण तेलकट बोट लागलं की तिथं कायमचा डाग. म्हणून ते चार दिवस घरात फोडणी बंद. शेंगाची चटणीसुद्धा कुटायची नाही, दाण्याला तेल सुटतं. कडक भाकरी आणि मिठाची डाळ. शेजारणी हसायच्या. बजाबाई मान वर करून सांगायच्या, "आमच्यात लोखंडाचा उपास असतो."

पुढं खाराच्या उकळत्या टाकीत तासाभरात नळी काळी करणारे निघाले. आता तर नव्या पॉइंट टू-टू रायफली कारखान्यातूनच भट्टीत भाजलेला बिनचमकीचा रंग लेवून येतात. हलक्या काडतुसाची बंदूक, तिचे एवढे लाड कोण करतो? महिपती म्हणायचे, "मोठ्या बंदुका कपाटात बसतात. ही शिकणाऱ्यांच्या हातात असते. घाम हिलाच जास्त लागतो."

ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. बजाबाईंचे गुडघे धरले, डोळ्यात मोतीबिंदू झाला. मुलानं, अजिनाथनं, पेटी वर माळ्यावर नेली आणि ब्रशही स्वतःकडं घेतला. वर्षाला दोन-तीन नळ्या यायच्या. तेवढे दिवस बजाबाई मिठाची डाळ खायच्या आणि त्यांना ती गोड लागायची.

परवा जुने गिऱ्हाईक, अक्कलकोटकडचे ईरप्पा मास्तर आले होते. नात सिद्धेश्वरी नेमबाजीच्या स्पर्धेला उतरणार होती, तिच्या रायफलीची नळी त्यांनी आणली होती. अजिनाथशी न बोलता ते थेट ओट्यावर बजाबाईंकडं आले. "अक्का, जुनीच निळाई पायजे बघा." बजाबाईंनी छातीवर हात ठेवला होता. "माजा शबुद हाय, मास्तर."

आज सकाळीच अजिनाथ म्हणून गेला होता, "आई, आज पाचवा हात."

नळीला तेलाचा धूर लागला का ते बघायला बजाबाई माळ्याच्या जिन्याकडं वळल्या. महेश्वरी मागं धावली.

"आत्या, गुडघे..."

"गुडघे माजे हायत."

चौदा पायऱ्या. एकेका पायरीवर बसत, हातानं अंग वर ओढत त्या चढल्या. पेटी कोपऱ्यात होती. झाकण उघडलं. नळी नव्हतीच. गोणपाट कडकडीत वाळलेलं, त्यावर आकाशकंदिलाचा मोडका सांगाडा, आणि खाली तारेचा ब्रश. त्यांचाच. मुठीवर त्यांनी बांधलेली चिंधी तशीच होती.

खाली येताना महेश्वरीनं हात दिला, तो त्यांनी घेतला.

दुपारी अजिनाथ आला. काखेत कापडात गुंडाळलेली नळी. आई दारातच बसलेली बघून तो थबकला. बजाबाईंनी हात पुढं केला. त्यानं नळी दिली. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. पाटीवरून फिरवावा तसा स्पर्श कोरडा लागला. नाकाशी धरली. लोखंडाचा वास नव्हता.

"कुटं केलं?"

"एमआयडीसीत. पावडरचा रंग आहे, भट्टीत भाजतात." मग तो घाईनं बोलू लागला. "आई, वाईट नाही गं तो. घामानं उतरत नाही, गंज धरत नाही. आता सगळं असंच येतं."

"वाईट कोन म्हनलं? कदीपास्नं?"

अजिनाथनं चप्पल काढली, पुन्हा घातली.

"अण्णा गेले तेव्हापासून. मला तो हात जमलाच नाही कधी. पण तू एवढ्या मानानं ते दिवस पाळायचीस... वाटलं, तुला बरं वाटतंय."

"आन तू? तू काय खायचास त्या दिसांत?"

महेश्वरी आतून म्हणाली, "बाहेर जेवून यायचे."

बजाबाईंनी सुनेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तरला फोन लाव."

महेश्वरीनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"मास्तर, बजाबाई बोलती. तुमची नळी रंगवलीया. निळाई न्हाय. माजा शबुद मोडला."

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, हळू, समजूत घातल्यासारखा.

"असू दे अक्का, मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळंच्या नळीवरच कळलं होतं मला. क्लबात सगळ्यांनाच ठाऊक आहे की. पण तुम्ही एवढं कौतुकानं चार दिवसांचं सांगत होता. मग म्हटलं, कशाला बोलायचं? परवा जुनी निळाई मागितली, तीही तुमचं मन राखायला."

बजाबाईंनी फोन कानावरून काढला आणि पालथा जमिनीवर ठेवला.

त्या उठल्या. आतून मिठाची डाळ आणि दोन कडक भाकरी ताटलीत घेऊन आल्या, अजिनाथपुढं ठेवल्या. तो खाली बसला. हात भाकरीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"रंगाचं काय न्हाय," बजाबाई म्हणाल्या. "हात जमत न्हाय म्हनला असतास, तर ह्या दारात बसून मीच लोकांना सांगितलं असतं, आता आमच्यात रंग मिळतो म्हनून. बिनफोडनीचं खाल्लं त्याचं बी काय न्हाय. पर नऊ वर्सं समद्या सोलापूरला माजी कीव करायला लावलीस, अजिनाथ. त्येची माफी न्हाय तुला. खा आता."