आठ पोहरे, एक विहीर

भांडुपच्या घरात पोटमाळ्यावर श्रुतिकाने जुना सर्व्हर ठेवला होता, भंगारातून उचलून आणलेला. तो घरघरायला लागला की खालून आई म्हणायची, "सुरू झाली गो तुझी गिरण." आजोबा गिरणीत होते, त्यामुळे या घरात कुठलाही एकसुरी आवाज गिरणीचाच.

त्या सर्व्हरमध्ये एक नेटवर्क कार्ड होतं. एका यंत्राच्या पोटात आठ आभासी यंत्रं चालवली, की आठांनाही बाहेरच्या जगाशी बोलायचं असतं आणि कार्ड तर एकच. एक मधला माणूस पाणी शेंदणार, आठ घरी वाटणार, तशी जुनी पद्धत. श्रुतिकाला ती नको होती. विहीर एक असली तरी प्रत्येकाचा पोहरा वेगळा, दोर वेगळा. ज्याचं त्याने शेंदावं, कुणाचा कुणाला अडसर नाही. कार्डाला हे जमत होतं. पण जगभरचे लोक मिळून फुकट लिहितात अशा ज्या मुक्त संगणक-प्रणालीवर तिचा जीव होता, तिला या कार्डाकडून ते करून घेता येत नव्हतं. ते करून घेणारं कोड तिने सव्वा वर्ष लिहिलं, नाहूरच्या ऑफिसातून आल्यावर, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत गावी न जाता.

अशा कामाला पगार नसतो. पण प्रणालीतल्या प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव राहतं, देवळाच्या पायरीवर कोरलेलं असतं तसं. तेवढं तिला हवं होतं.

बदल पाठवायचा तो मेलने, ती प्रणाली लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांच्या सामायिक यादीवर. तिच्या मेलमधून जाताना कोडच्या रिकाम्या जागा बदलायच्या, सगळी शिवण उसवायची. दोनदा परत आलं. तेव्हा केयूर म्हणाला, "दे इकडे. माझं सरळ जातं. वर तुझं नाव टाकतो, एक ओळ तर आहे." केयूर मुलुंडचा, कॉलेजपासूनचा, दहा वर्षांचा मित्र. त्या यादीची रीत अशी, की दुसऱ्याचं काम पाठवताना पहिल्या ओळीत करणाऱ्याचं नाव घालायचं. ती ओळ नसली, तर पाठवणाराच कर्ता ठरतो.

श्रुतिकाने पेनड्राइव्हवर नुसतं कोड दिलं, बिननावाचं.

"नाव न घालता दिलंस?" आईने नंतर विचारलं. तिच्या फळीवरच्या प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'नलिनी' कोरलेलं होतं. "मी शेजाराक वाटी दितंय ती पण नाव बघून."

बदल स्वीकारला गेला. कर्ता: केयूर. खाली कुणीकुणी अभिनंदन केलेलं, आणि त्या प्रत्येकाचे केयूरने आभार मानलेले.

मुलुंड स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर तिने विचारलं, "ओळ राहिली का रे?"

"कुठली?"

"माझी."

"अगं, घाईत झालं. कळलं तेव्हा आत गेलं होतं." त्याने चहावर फुंकर मारली. "आणि ओपन सोर्स आहे ना, श्रुती. ते सगळ्यांचंच असतं."

"सगळ्यांचं आहे तर त्यावर तुझं नाव कसं?"

"तू पण ना, यार. मी टेस्ट केलंच की."

"मग यादीवर लिही, की काम माझं आहे."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मुलाखतीत मी तेच दाखवलंय. निवड झालीये. आता वाट लावू नको ना माझी."

म्हणजे घाई नव्हती. ती घरी आली. पोटमाळ्यावर तिच्या कामाचा सगळा इतिहास होता, तारखांसकट, दोनशेचौदा नोंदी. तो लोकांपुढे मांडणं म्हणजे दहा वर्षांची मैत्री चव्हाट्यावर नेणं. तिने नेली नाही. जेवली नाही, एवढंच.

तीन आठवड्यांनी कुठल्या दूर देशातून कुणी यादीवर लिहिलं, की आठांतलं एक आभासी यंत्र मध्येच बंद केलं, तर अख्खा सर्व्हर कोसळतो. केयूरने उत्तर दिलं, "पाहतो." मग पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी तिला मेसेज आला, "श्रुती, बघ ना जरा. तुलाच माहितीये ते."

तिने बघितलं. पोहरा वर यायच्या आधीच तिने दोर सोडला होता. कार्डाला थांबायला सांगण्याआधी त्याची जागा मोकळी करून टाकलेली, दोन ओळी उलटसुलट. चूक तिचीच होती, आणि तिकडे कुणाकुणाची यंत्रं बसत होती. दुरुस्ती तासाभराची. या वेळी मेलची खोड तिने स्वतः मोडली आणि स्वतःच्या नावाने पाठवलं.

पण यादीची आणखी एक रीत होती. कुठल्या बदलातली चूक दुरुस्त केली आणि तो बदल कुणाचा, हे खाली लिहावं लागतं. तिने लिहिलं: केयूर. आपल्याच लेकराला दुसऱ्याचं म्हणून हाक मारावी, तसं वाटलं.

दुपारी त्याचा फोन आला.

"चारचौघांत माझी चूक काढलीस? नव्या ऑफिसचे लोक ती यादी वाचतात, श्रुती."

"चूक माझीच होती रे."

"हो ना? मग तसं लिहायचंस. लिही, की चूक तुझी होती म्हणून."

श्रुतिकाला वाटलं, आता तो स्वतःशीच थांबेल, आपण काय बोललो ते त्याला ऐकू येईल.

"लिहिशील ना?" केयूर म्हणाला.

"लिहिते," ती म्हणाली. "तसंच लिहिते."

आणि तिने यादीवर उत्तर लिहिलं. या बदलातली चूक माझी आहे, कारण हा सगळा बदल मी लिहिला आहे. सोबत सव्वा वर्षाचा इतिहास जोडते. दोनशेचौदा नोंदी जोडल्या आणि पाठवलं.

मुख्य कोडात नाव त्याचंच राहणार होतं. एकदा आत गेलेलं नाव बदलत नाही. पण यादीवर तिचं पत्र राहील, शोधणाऱ्याला सापडेल. फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजला. ती पोटमाळ्यावर बसून राहिली. त्याचा नंबर पुसून टाकावा असं मनात आलं. पण दहा वर्षांत तो पाठ झाला होता, पुसून जाणार कुठे.