हरवलं नाही, दिलं

आमच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर कुणाच्या खिशात काही नसतं. दिवसभर हातात प्रेशरचा पाइप, पँट कमरेपर्यंत ओली, खिशात ठेवाल त्याचा लगदा. म्हणून सगळ्यांची एटीएम कार्डं मामाच्या ड्रॉवरमध्ये. मामा म्हणजे सुपरवायझर, कुणाचाच सख्खा नाही. पगार झाला की तोच सगळी कार्डं घेऊन मशीनवर जायचा आणि प्रत्येकाचे पैसे रबर लावून आणून द्यायचा. पिन सगळ्यांनी एकच ठेवलेला, शटरच्या कुलपाचा नंबर. विसरायची भानगडच नको.

मग माझं खातं बंद पडलं. बँकेत काचेमागची बाई म्हणाली, पोलिसांनी गोठवलंय. कुणा म्हाताऱ्याला फोनवर गंडवून उकळलेले पैसे माझ्या खात्यात आले आणि त्याच दुपारी माझ्या कार्डानं काढलेही गेले. त्या दुपारी मी एका व्हॅनखाली आडवी पडून चिखल खरवडत होते. उद्या जबाबाला या, असा पोलिसांचाही फोन आला.

सेंटरवर जाऊन विचारलं, तर मामानं नाहीसुद्धा म्हटलं नाही. एका मित्राला दोन दिवस खातं हवं होतं, पैसे मीच काढून दिले, त्यात काय एवढं, म्हणाला. कार्ड हरवलं म्हणून सांग. कव्हरवर पिन लिहिलेला होता म्हण. शाळा सोडलेली पोरगी, वेंधळी असणारच, कुणालाही पटेल.

डोकंच फिरलं. शाळा मी गणिताच्या सरांशी भांडून सोडली, गणित येत नव्हतं म्हणून नाही. समोरची साबणाच्या पाण्याची बादली लाथेनं उडवली, ती नेमकी त्याच्या बुटांवर.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचंही तेच, हरवलं म्हण. ती वकिलाच्या कारकुनाला विचारून आली होती. आपण होऊन पिनसकट कार्ड दुसऱ्याला दिलं असं कबूल केलं, तर पोरगीही आरोपी होऊ शकते. खातं काढताना सही केलेली असते ना, कार्ड कुणाला देणार नाही म्हणून.

"ते बारीक अक्षर कोण वाचतं?"

"कोर्टात तेवढंच वाचतात," आई म्हणाली आणि माझा शर्ट जोरात झटकला.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनात आमच्या आधी मामा हजर. मोठं माणूस सोबत असलेलं बरं, असं आईला समजावत होता. जबाब घेणाऱ्या मॅडमना त्यानं आधीच सगळं पढवून ठेवलं असावं, कारण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, कार्ड कुठे हरवलं?

"हरवलं नाही. दिलं."

आईनं माझा दंड असा आवळला की मुंग्या आल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नीट विचार कर. हे लिहिलं की तूही गुन्ह्यात येशील. तारखांना यावं लागेल, आणि खातं कधी उघडेल हे मी सांगू शकत नाही.

विचार काय करायचा? ड्रॉवरमध्ये बाकीच्यांची कार्डं तशीच पडली होती. आज मी वेंधळी, उद्या पॉलिशवाली, परवा टायरवाला. दरवेळी कार्ड हरवणार आणि दरवेळी मामा सोबत येणार.

"पिनसुद्धा मीच सांगितला," मी म्हणाले. "मूर्खपणा केला तो माझा. पैसे काढले ते यानं. दोन्ही माझ्या अंगावर कशाला?"

"तापट आहे हो पोरगी," मामा हसत म्हणाला. "तोंडाला येईल ते बोलते."

"तापट लिहा मॅडम. वेंधळी नको."

कोपऱ्यातला हवालदार खुदकन हसला. मामाचं हसू मात्र गेलं. माझ्याकडे न बघता तो आईला म्हणाला, उद्यापासून कामावर पाठवू नका. आईची पकड सैल झाली. ती माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली.

मॅडमनी परत विचारलं, तुझं नाव घालावं लागेल, कळतंय ना?

"घाला की," मी म्हणाले. "पण आधी त्याचं."

त्यांनी पेन उचललं आणि मामाला खुर्ची दाखवली.