जलमार्गातला उंचवटा

जुन्या बंदरात पाणी उथळ. मोठी जहाजं दूर समुद्रातच नांगर टाकायची आणि आप्पा आपल्या सपाट बुडाच्या बार्जमधून त्यांचा माल धक्क्यावर आणायचे. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. डोंगरापलीकडच्या देशांचा मालही असाच दोनदोनदा चढायचा-उतरायचा. कंटाळून व्यापारी दुसऱ्या बंदरांकडे वळले. आता मात्र इथंच खोल पाण्याचं बंदर होत होतं, आणि समुद्राच्या तळाची मोजणी करणारी इंजिनिअर होती आप्पांचीच सून.

एका संध्याकाळी आप्पा जेवत असताना ती तोंड पाडून घरी आली.

"काय गं, काय बिनसलं?"

"जहाजांच्या मार्गात उंचवटा सापडलाय, आप्पा. तरंगत्या लाल बोयाच्या जरा पुढे. खडक असावा म्हणतात. सुरुंग लावायचा तर परवानग्या आल्या. चार महिने गेलेच समजा."

आप्पांचा घास हातातच राहिला.

"खडक नाही तो. बॉयलर आहे. डोंगरापलीकडच्या कागद कारखान्याचा."

बावीस वर्षांपूर्वी तो वादळात बार्जवरून पाण्यात गेला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. वारा होता, पण वादळ कसलं! दुसरी फेरी गाठायच्या घाईत त्यांनी साखळी नीट आवळली नव्हती.

"तुझ्या सासूलाही कधी बोललो नाही," ते खाली मान घालून म्हणाले.

सून म्हणाली, "उद्या आमच्या साहेबांना सांगाल?"

"नाव जाईल माझं."

"जाईल थोडं," ती म्हणाली. खोटा धीर द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

सकाळी ती उठली तेव्हा आप्पा धुतलेला शर्ट घालून दारात उभे होते. तिच्या ऑफिसात त्यांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी नुसती मान हलवली. कोपऱ्यातला जुना कारकून मात्र म्हणाला, "तरीच! त्या दिवशी मी छत्रीसुद्धा नेली नव्हती, तरी कोरडाच घरी पोचलो." सगळे हसले. आप्पांनाही हसू आवरेना. छातीवरचं ओझंच उतरलं.

पाणबुडे खाली उतरले. तिसऱ्या दिवशी क्रेननं शिंपल्यांनी मढलेला बॉयलर वर काढला.

पाच महिन्यांनी पहिलं मोठं जहाज थेट धक्क्याला लागलं. डोंगरापलीकडे जाणारे डबे शेजारच्या रुळांवर तयारच होते. बार्जला आता काम उरणार नव्हतं, हे आप्पांना ठाऊक होतं. तरी ते कौतुकानं बघत राहिले.

"एवढा माल बार्जनं आणायला किती दिवस लागले असते हो?" सुनेनं विचारलं.

"दिवस?" आप्पा म्हणाले. "तोवर तू सासू झाली असतीस!"